पतंगाचा फोटो पुरावा कधी होतो?

पीएच.डी.च्या पहिल्या पावसाळ्यात आंबोलीला पांढरा पडदा बांधला, समोर दिवा लावला आणि रात्रभर पतंगांचे मॅक्रो फोटो काढले. परतल्यावर त्यातला एक गाईडना मोठ्या कौतुकाने दाखवला. पंखांवरचे खवलेसुद्धा वेगवेगळे दिसत होते! सरांनी एवढंच विचारलं, “हा केवढा आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्रीचे बहुतेक फोटो भिंतीवर लावायला छान आहेत, प्रबंधात मात्र घेता आले नाहीत.

असं का झालं? मॅक्रो लेन्सवर १:१ म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा पतंगाएवढीच असते. फुल फ्रेम सेन्सर साधारण ३६ × २४ मिमी असतो. म्हणजे पतंगाने फोटोची एक तृतीयांश रुंदी व्यापली असेल, तर तो सुमारे १२ मिमी. पण फोकस रिंग फिरली की हे प्रमाण बदलतं, आणि फोटो क्रॉप केला की हा हिशेब करताच येत नाही.

म्हणून रिंग १:१ वरच ठेवा आणि कॅमेरा पुढे-मागे करून फोकस साधा. मोठा पतंग फ्रेममध्ये मावत नसेल, तर एका फोटोत पट्टी घ्या. ती पंखांच्याच पातळीत हवी. मागे राहिली तर पतंग आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. मूळ फाइल कधीही डिलीट करू नका.

दुसरी अडचण फोकसची. १:१ वर एफ/८ ठेवलं तरी जेमतेम १ मिमी खोलीचा भाग स्पष्ट येतो. पंख पसरून बसलेल्या पतंगाला सेन्सर समांतर धरला, तरच नक्षी कडेपर्यंत नीट दिसते. शिवाय बाजूने एक फोटो घ्या. तारीख, वेळ आणि ठिकाण तिथल्या तिथे वहीत लिहा.

इतकं करूनही फोटोला मर्यादा आहेतच. बसलेल्या पतंगाचे मागचे पंख बऱ्याचदा झाकलेले असतात, आणि काही स्पीशीज तर जननांगांची रचना तपासूनच ओळखता येतात. अशा वेळी जीनसपाशी थांबायचं. अंदाजाने नाव ठोकून दिलं, तर ती चूक पुढे दुसऱ्याच्या यादीतही जाते.

येत्या अमावास्येला पुन्हा जाणार आहे, कारण अंधाऱ्या रात्री दिव्याकडे पतंग जास्त येतात. या वेळी बॅगेत सगळ्यात आधी पट्टी टाकली आहे.