नोंदवही खिशात आली

काल दुपारी तुम्ही काय खाल्ले, हे तुम्हाला आठवेल. पण त्या वेळी मनात कोणता विचार होता, हे सांगता येईल का? बहुधा नाही. एका आजाराच्या उपचारात मात्र डॉक्टरांना नेमकी हीच माहिती हवी असते.

हा आजार म्हणजे खाण्याचा विकार. त्यातील एका प्रकाराला १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ असे नाव दिले. यात वजन वाढण्याच्या भीतीने रुग्ण अन्न टाळतो आणि खंगत जातो. १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’चे वर्णन केले. यात रुग्णाचा ताबा सुटून तो एकाच वेळी खूप खातो आणि नंतर त्याची भरपाई म्हणून शरीराचे हाल करतो. हे नखरे नव्हेत. हा आजार मुलींना होतो तसा मुलांनाही होतो, आणि उपचारांनी तो बरा होऊ शकतो.

ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी १९८०च्या सुमारास बुलिमियावर जी उपचारपद्धती विकसित केली, तिच्यात एका साध्या नोंदवहीला मोठे स्थान आहे. काय खाल्ले, केव्हा, कोठे आणि तेव्हा मनात काय होते, हे रुग्णाने त्याच वेळी लिहायचे. असे का? समजा, शाळेत कोणी अंगावरून चिडवले. डबा तसाच परत आला. संध्याकाळी भूक अनावर झाली आणि खाणे आवरेना. मग मनाला अपराधी वाटले व उद्या उपास करायचे ठरले. उपासाने पुन्हा भूक अनावर! नोंदी पाहिल्या, की ही साखळी दिसते. ती तोडण्यासाठी दिवसातून तीन जेवणे व दोन-तीन वेळा थोडे खाणे ठरवून देतात. मधे तीन-चार तासांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही.

पण वही घरी राहते. चारचौघांत ती उघडायला संकोच वाटतो. मग आठवड्याच्या नोंदी दवाखान्यात जाण्यापूर्वी घाईने, आठवून लिहिल्या जातात! येथे मोबाइलचे ॲप उपयोगी पडते. ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ हे असेच एक ॲप आहे. फोनवर काही टिपणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ॲप जेवणाची आठवण करून देते, आणि रुग्णाची संमती असेल तर उपचार करणाऱ्यालाही नोंदी दिसतात.

मात्र प्रत्येक ॲप औषध नव्हे. उष्मांक मोजणारे ॲप अशा रुग्णाची भीती वाढवू शकते. अमेरिकेतील एका राष्ट्रीय संघटनेने खाण्याच्या विकारांविषयी ‘टेसा’ नावाचा, गप्पा मारणारा संगणकी मदतनीस ठेवला होता. तो वजन उतरवण्याचे सल्ले देऊ लागल्याची तक्रार आली आणि २०२३ साली तो बंद करावा लागला. नोंद यंत्राने ठेवावी. तिचा अर्थ जाणत्या माणसानेच लावावा.

तुमचा एखादा मित्र किंवा मैत्रीण रोज डबा तसाच परत नेत असेल, तर चेष्टा करू नका. त्याच्या किंवा तिच्याशी बोला, आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. भारत सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे.