पारा, सेलेनियम आणि पोटातले मूल



आजचा विषय डॉक्टरांचा. तो कामगार चळवळीतल्या माणसाने का मांडावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, हाती पडतील ती पुस्तके वाचून. परंतु गर्भातल्या मुलाला पारा काय करतो हे जगाला लख्खपणे कळले, ते एका कारखान्याच्या सांडपाण्यावरून. तेव्हा हा विषय जितका दवाखान्याचा, तितकाच कारखान्याच्या फाटकाचाही आहे.

जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे गाव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होत असे. त्या कामी पारा वापरीत. त्यातल्या काही पाऱ्याचे मिथिल पारा हे जहाल संयुग बने आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. सूक्ष्म जीवांत ते शिरले. त्यांना खाणाऱ्या लहान माशांत अधिक साठले. लहानांना खाणाऱ्या मोठ्या माशांत त्याहून अधिक. आणि शेवटी ते कोळ्यांच्या ताटात आले. गावची मांजरे झिंगल्यासारखी नाचून मरू लागली. १ मे १९५६ रोजी, म्हणजे नेमक्या कामगार दिनी, कारखान्याच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांच्याकडून आरोग्य केंद्राला खबर गेली, की मेंदूचा एक अज्ञात रोग गावात आला आहे.

त्याच सुमारास त्या भागात काही मुले जन्मापासूनच पंगू निघू लागली. मान धरवेना, बोलता येईना, हातपाय वेडेवाकडे. या मुलांनी माशाचा घास कधी तोंडात घातला नव्हता, आणि त्यांच्या आया बहुधा वरवर धडधाकट दिसत. वार ही गर्भाची राखणदार, ती विष आत येऊ देत नाही, असे वैद्यक त्या काळी मानीत असे. म्हणून मुलांचा रोग निराळा ठरविला गेला. १९६२ साली ती याच रोगाची रोगी असल्याचे मान्य झाले. जपानमध्ये मुलाची नाळ वाळवून डबीत जपून ठेवण्याची चाल आहे. डॉ. हाराडा यांनी अशा नाळा पुढे मिळविल्या. त्या तपासल्या तेव्हा त्यांत मिथिल पारा सापडला. आईने जिव्हाळ्याने जपलेली वस्तूच पुरावा झाली.

वार फसली कशी? मिथिल पारा शरीरातल्या एका प्रथिनघटकाला चिकटतो, आणि ती जोडी वारेला पोषक अन्नासारखीच भासते. राखणदार स्वतःच दार उघडतो. नाळेच्या रक्तात पारा आईच्या रक्तापेक्षा सरासरी दीडपटीहून अधिक भरतो.

आता सेलेनियमकडे वळू. हे मूलद्रव्य स्वीडनच्या बर्झेलियसने १८१७ साली शोधले. पुष्कळ काळ ते गुराढोरांना बाधणारे विष म्हणूनच ठाऊक होते. १९५७ साली ते अत्यल्प प्रमाणात जीवनावश्यक असल्याचे दिसून आले. अमेरिकन शास्त्रज्ञांच्या हिशेबाने प्रौढ माणसाला रोज ५५, गर्भवतीला ६० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ७० मायक्रोग्रॅम लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा मालाचे काम मात्र मोठे. प्राणवायूच्या वापरातून शरीरात जी दाहक द्रव्ये निर्माण होतात, त्यांचा निचरा करणारी काही विकरे, म्हणजे एन्झाइमे, सेलेनियमच्या जोरावर चालतात. वाढत्या मेंदूला त्यांची फार गरज.

पारा नेमके हेच हत्यार हिसकावून घेतो. सेलेनियमवर त्याची ओढ विलक्षण. एकदा मिठी बसली की सहसा सुटत नाही. पाऱ्याच्या सुमारे २०० भारामागे सेलेनियमचे ७९ भार अडकून पडतात. कामगार हजर, पण हत्यार नाही, अशी विकरांची गत होते. उलट सेलेनियमची शिल्लक पुरेशी असेल तर काही काम चालू राहते. प्राग येथे पारिझेक आणि ओश्तादालोवा यांनी १९६७ साली दाखविले, की पाऱ्याचा क्षार टोचलेले उंदीर सेलेनियम दिल्याने वाचतात.

मग सेलेनियमची गोळी घेतली की झाले, असे कोणी समजू नये. उंदरांवरचा प्रयोग म्हणजे आईच्या पोटातले मूल नव्हे. फेरो बेटांत १९८६-८७ साली जन्मलेली सुमारे हजार मुले पुढे तपासली गेली. तेथील आया पाऱ्याने भरलेले देवमाशाचे मांस खात. ज्यांच्या नाळेच्या रक्तात पारा अधिक, ती मुले सातव्या वर्षी भाषा, लक्ष आणि स्मरण यांत थोडी मागे आढळली. सेलेनियमने त्यांना वाचविल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. सेशेल्स बेटांत आया भरपूर मासे खात, तरी तसे ठळक नुकसान दिसले नाही. बहुतेक समुद्री माशांत पाऱ्यापेक्षा सेलेनियम अधिक असते, हे एक कारण सांगतात. माशांतली मेंदूपोषक तेले हे दुसरे. शिवाय सेलेनियम जास्त झाले तर तेही बाधते. केस गळतात, नखे झडतात. पंजाबात होशियारपूर, नवांशहराकडच्या काही जमिनींतच ते अति आहे, आणि तेथील माणसांना त्याचा त्रास झालेला आहे. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळी नको.

घरात काय करावे? गर्भवतीचे मासे बंद करू नयेत. तारली, बांगडा, मांदेली असे लहान मासे खावेत. मोरी, म्हणजे मुशी, हा दुसऱ्या माशांवर जगणारा मासा. त्यात पारा साठतो. कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देतात. हेतू प्रेमाचा, पण गरोदरपणी आणि मूल अंगावर असताना मोरी टाळणेच शहाणपणाचे. मासे न खाणाऱ्यांना अंडी, धान्ये आणि डाळी यांतून सेलेनियम मिळते.

परंतु घराने काय करावे हे सांगून माझे काम संपत नाही. आईने ताटातला मासा निवडावा. समुद्रात पारा सोडावा की नाही, हे तिच्या हाती नसते. मिनामातात १९५९ साली कारखान्याचे पाणी दिलेले मांजर होसोकावांच्या प्रयोगात आजारी पडले, तरी कंपनीने ते बाहेर येऊ दिले नाही. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिस्सोच्या एका कामगार संघटनेने ठराव केला, की आपण या रोगाविरुद्ध लढलो नाही याची आपल्याला लाज वाटते. मालकाविरुद्ध पगारासाठी लढलेल्या संघटनेचा तो ठराव होता. प्रत्येक युनियनच्या कचेरीत तो लावून ठेवण्याजोगा आहे, असे मला वाटते.

कारण पाऱ्याची वाफही वार ओलांडते. जेथे पारा हाताळतात तेथे गर्भवती कामगार स्त्रीला पूर्ण पगारावर दुसरे काम मिळाले पाहिजे. तिला घरी बसविणे हा उपाय नव्हे. खरा उपाय पाराच काढून टाकण्याचा. त्यासाठी मिनामाताच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला. कागदावरचा करार फाटकाच्या आत आणणे हे तुमचेआमचे काम आहे.

सेलेनियम ही आईने बाळाच्या मेंदूसाठी राखलेली पुंजी आहे. कोणाच्या सांडपाण्याची भरपाई करण्यासाठी ती खर्ची पडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.