तापलेली चिप आणि खालचं तांबं

स्वतः बनवलेल्या सर्किट बोर्डावरची मोटर ड्रायव्हर चिप बोट टेकवेनाशी तापली, की पहिला उपाय ठरलेला: वर हीटसिंक चिकटवा, पंखा लावा. चिपच्या पाठीवरचं प्लॅस्टिक मात्र उष्णता फारशी वाहत नाही. आजच्या बहुतेक ड्रायव्हरांत ती पोटाखालच्या धातूच्या पट्टीतून बोर्डाच्या तांब्यात उतरते. पट्टी नीट सोल्डर झाली नसेल किंवा खाली तांबंच तुटपुंजं असेल, तर वरचा पंखा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हिशेब साधा आहे. आतल्या दोन मॉस्फेटांचा मिळून रोध ०.४ ओहम आणि प्रवाह २ अँपिअर धरला, तर १.६ वॅट उष्णता होते. चांगल्या बोर्डावर दर वॅटला अंदाजे ३२ अंश वाढ धरा. चिप भोवतालपेक्षा ५१ अंशांनी तापेल. पावसाळी गारव्यात हा प्रश्न येऊ नये, असं कुणी म्हणेल. पण २५ ऐवजी ४० अंशांची हवा असली तरी फरक १५ अंशांचाच. उलट प्रवाह निम्मा केला की उष्णता चौथाईवर येते. म्हणून आधी प्रवाहमर्यादा तपासावी. जुनी एल२९८ असेल तर गोष्ट वेगळी: तिच्यातल्या ट्रान्झिस्टरांवर २ अँपिअरला ४.९ व्होल्टपर्यंत दाब पडू शकतो, म्हणजे जवळजवळ १० वॅट. तिला मोठा हीटसिंक हवाच, आणि तो चालतोही, कारण तिची धातूची पाठ उघडी असते.