कल्चर प्लेट : जिवाणूंची पारख

‘कल्चर करून घ्या’ असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक रुग्ण एकच प्रश्न विचारतात : अहवाल आजच का मिळत नाही? रक्तातील साखर तासाभरात कळते, मग याच तपासणीला तीन-चार दिवस का लागावेत? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेतील एका लहानशा गोल ताटलीत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसतो, पण त्याची ओळख पटतेच असे नाही. आपल्या आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे नांदणारा एश्चेरिशिया कोलाय आणि विषमज्वराचा साल्मोनेला टायफी हे दोघेही ग्रॅम-निगेटिव्ह दंडगोल. केवळ रूपावरून त्यांत फरक करता येत नाही. शिवाय एक ग्रॅम मळात अब्जावधी जिवाणू असतात. त्या गर्दीतून मोजके रोगकारक वेगळे काढायचे, तर त्यांना वाढवावे लागते आणि इतरांना रोखावे लागते.

आधार अगारचा

जिवाणू वाढवण्यासाठी रॉबर्ट कॉख आरंभी जिलेटिन वापरीत. परंतु शरीराच्या तापमानाला ते वितळे आणि काही जिवाणू तर ते पचवूनच टाकीत. १८८१च्या सुमारास कॉख यांचे सहकारी वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकातील अनुभवावरून अगार सुचवले. समुद्रशैवालापासून मिळणारा हा पदार्थ आपल्याकडील गृहिणींना ‘चायना ग्रास’ म्हणून परिचित आहे. १८८७ मध्ये ज्यूलियस पेट्री यांनी झाकणाची उथळ ताटली तयार केली. आजच्या प्रयोगशाळेचा पाया असा घातला गेला.

निवड आणि भेद

माध्यमाकडून दोन कामे करून घेता येतात. ‘निवडक’ माध्यम नको असलेल्या जिवाणूंना अडवते. ‘भेददर्शक’ माध्यम वाढलेल्या जिवाणूंतील फरक डोळ्यांना दाखवते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आल्फ्रेड मॅकाँकी यांनी तयार केलेले माध्यम ही दोन्ही कामे करते. त्यातील पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट हे रंगद्रव्य बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना वाढू देत नाहीत. आतड्यातील जिवाणूंना मात्र पित्ताची सवय असते. ही झाली निवड. भेद दाखवण्यासाठी लॅक्टोज ही दुधातील शर्करा आणि न्यूट्रल रेड हा दर्शक घातलेला असतो. जो जिवाणू लॅक्टोज आंबवतो तो आम्ल तयार करतो आणि त्याच्या वसाहती गुलाबी होतात. एश्चेरिशिया कोलाय असा गुलाबी दिसतो. साल्मोनेला आणि शिगेला फिकट, रंगहीन राहतात.

पटकीच्या निदानासाठी वापरले जाणारे टीसीबीएस माध्यम याच तत्त्वावर चालते. त्याचा पीएच ८.६ इतका क्षारीय असतो. त्यात इतर जिवाणू दबतात, पटकीचा जिवाणू मात्र तग धरतो आणि सुक्रोज आंबवून हिरव्या ताटलीवर पिवळ्या वसाहती उमटवतो. मॅनिटॉल सॉल्ट अगारमध्ये ७.५ टक्के मीठ असते. त्या खारटपणात स्टॅफिलोकॉकस वाढतात आणि त्यांतील ऑरियस सभोवतालचे माध्यम पिवळे करतो. रक्त अगार मात्र कोणालाही फारसे अडवत नाही. रक्तपेशी कोण विरघळवतो, एवढेच दाखवते. म्हणजे ते भेददर्शक आहे, निवडक नाही.

वाढीच्या रूपावरून ओळख पटवण्याचे एक जुने उदाहरण मुंबईचे आहे. १८९६च्या प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे जिवाणू वाढवताना मांसरसावर थोडे तूप सोडले. तुपाच्या थेंबांखाली प्लेगचे जिवाणू गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे वाढत. ही वाढ प्लेगची खूण मानली गेली.

रंग म्हणजे नाव नव्हे

मॅकाँकीवरील रंगहीन वसाहत साल्मोनेलाची असू शकते, तशीच प्रोटियस किंवा स्यूडोमोनासचीही. रंग संशयाची दिशा दाखवतो. निश्चितीसाठी जैवरासायनिक चाचण्या आणि प्रतिरक्तद्रव्याची चाचणी लागते. अलीकडे मॅल्डी-टॉफ यंत्र काही मिनिटांत जिवाणूचे नाव सांगते, परंतु त्यालाही सहसा आधी वाढलेली वसाहत द्यावी लागते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. विषमज्वरात रक्त प्रथम द्रवमाध्यमाच्या बाटलीत वाढवतात, मग ताटलीवर घेतात. वसाहती दिसण्यास १८ ते २४ तास लागतात. त्यानंतर ओळख आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल याची चाचणी, यांसाठी आणखी एक दिवस जातो. हा विलंब हलगर्जीपणाचा नसून जिवाणूच्या वाढीचा आहे.

पहिल्या गोळीपूर्वी

या साऱ्या शास्त्राला निष्फळ करणारी एक गोष्ट म्हणजे नमुन्यापूर्वी घेतलेले प्रतिजैविक. ताप आला की दुकानातून दोन गोळ्या आणायच्या आणि उतरला नाही तरच डॉक्टरांकडे जायचे, ही सवय सर्वत्र दिसते. अशा वेळी जिवाणू मरत नाही, पण ताटलीवर वाढण्याइतका जोमही त्याच्यात उरत नाही. अहवालात ‘वाढ नाही’ असे येते आणि रुग्ण ‘आजार नाही’ असे वाचतो. जिवाणू हाती नाही, म्हणून औषधाची चाचणीही होत नाही.

याची किंमत आज अधिक आहे. भारतातील विषमज्वराच्या बहुतेक जिवाणूंवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा भरवसा उरलेला नाही. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला. दुसरीकडे, एकेकाळी निष्प्रभ ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉल अनेक ठिकाणी पुन्हा लागू पडू लागले आहे. हे सारे कळले ते ताटलीवर वाढलेल्या जिवाणूंमुळेच.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती की, विषमज्वराची शंका असल्यास पहिल्याच आठवड्यात, प्रतिजैविकापूर्वी, प्रौढांचे किमान ८ ते १० मिलिलिटर रक्त कल्चरला पाठवावे. केवळ विडालवर विसंबू नये. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अहवालासाठी औषध थांबवू नये. नमुना घ्यावा आणि लगेच उपचार सुरू करावेत. रुग्णांनी आधी घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी. लघवीचा नमुना मधल्या धारेचा असावा आणि तो दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा.

ताटली खरी साक्ष देते; मात्र साक्षीदार बोलण्याच्या स्थितीत तिच्यापर्यंत पोहोचवणे आपल्या हाती आहे.