विहिरीच्या ढिगाऱ्यातली ओळखपरेड

इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याला नवी विहीर खणली, की काठावर मुरूम आणि काळ्या दगडांचा ढीग साचतो. भूशास्त्राच्या नवशिक्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

काळा दगड म्हणजे बसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ताजा फोडला की आत करडा-काळा. कण इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. लाव्हा झटपट थिजल्याची ही खूण. काही तुकड्यांवर भोकं असतात, ती वायूच्या बुडबुड्यांची. पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि पांढरी खनिजं भरली.

खरी गंमत या पांढऱ्यांची. रंगावर जाणारा हमखास फसतो, कारण गारगोटी, कॅल्साइट आणि स्टिल्बाइट तिन्ही पांढरी असू शकतात. मग खिशातला चाकू काढायचा. गारगोटीवर ओरखडा उठत नाही. फ्रीडरिक मोह्‌स यांच्या 1812 च्या काठिण्यश्रेणीत ती 7 वर आहे, कॅल्साइट 3 वर. कॅल्साइट सहज ओरखडतं, फोडलं तर तिरक्या विटेसारखे तुकडे पडतात आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच फसफसतं. (घरी त्याच्या भुकटीवर लिंबू पिळलं तरी बुडबुडे दिसतात.)

स्टिल्बाइटलाही ओरखडा उठतो, पण ते आम्लाने फसफसत नाही. मोत्यासारखी चमक आणि पेंढी बांधल्यासारखे स्फटिक पाहावेत. ते झिओलाइट गटातलं. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असं खनिज तापवलं, तर ते उकळल्यासारखं फुगलं. म्हणून ग्रीकमधून नाव पडलं ‘उकळणारा दगड’. असेच महाराष्ट्रातले देखणे नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडले आहेत.