वर्षावासात उद्यानातील रानफुलेही जगू द्या

पावसाळ्यातील चारिकेत कोवळे गवत आणि सूक्ष्म जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून तथागतांनी भिक्खूंना वर्षावास घालून दिला. आमच्या शहरांतील उद्यानांत मात्र नेमके याच दिवसांत गवत कापण्याचे यंत्र फिरते. तेरडा, कुर्डू, कवला ही इथली रानफुले बी धरण्याआधीच कापली जातात आणि मधमाश्या, फुलपाखरे उपाशी राहतात.

म्हणून प्रत्येक उद्यानात एक कोपरा राखावा, अशी मागणी आपण प्रभाग कार्यालयाकडे करू या. गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. खत घालू नये. सकस मातीत गवत माजते आणि फुलझाडे दबतात. जवळच्या पडीक जागेतले थोडे बी कोरड्या मातीत मिसळून पावसाच्या सुरुवातीला विखरावे. कॉसमॉस टाळावा, तो मूळचा मेक्सिकोचा. आश्विन पौर्णिमेनंतर, बी गळल्यावरच कापणी करावी आणि कापलेले गवत उचलावे.

सम्राट अशोकांच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंसाठीही औषधी वनस्पती लावल्याची नोंद आहे. आम्ही तर फक्त एक कोपरा मागतो आहोत. तिथे पाटी लावू आणि गवत कापणाऱ्या कामगारांशी आधी बोलू. मैत्री भावनेची सुरुवात तिथूनच होते.