आधी बेरीज, मग भागाकार

१९७८ सालची गोष्ट. अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूल ह्या संस्थेत डॅन ब्रिकलिन नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर आडव्या-उभ्या रेघा आखून धंद्याचा हिशेब मांडीत. त्यातील एक आकडा बदलावा लागला, की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे पाहून ब्रिकलिनच्या मनात आले, की एक आकडा बदलताच बाकीचे आकडे आपोआप बदलतील, असा फळा असता तर किती बरे झाले असते! बॉब फ्रँकस्टन ह्या मित्राच्या साहाय्याने त्याने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. १९७९ साली ‘ॲपल टू’ ह्या संगणकासाठी त्यांचे ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आले. आज कचेऱ्यांतून आणि दुकानांतून जी ‘स्प्रेडशीट’ वापरतात, तिचे हे पूर्वज होय.

स्प्रेडशीट म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील एक मोठे कोष्टक. त्याच्या उभ्या स्तंभांना ए, बी, सी अशी अक्षरे असतात, तर आडव्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक असतात. बी स्तंभ आणि दुसरी ओळ जेथे मिळतात, त्या घराचे नाव बी२. घरात आकडा लिहिता येतो, तसेच सूत्रही लिहिता येते. सूत्राच्या आरंभी बरोबरचे चिन्ह द्यावयाचे, म्हणजे संगणक समजतो, की येथे उत्तर आपल्याला काढावयाचे आहे.

आता आपण एक हिशेब मांडू या. समजा, एका गावात सहकारी दूध संस्था आहे. दुधाचे मोल त्यातील स्निग्धांशावर बरेचसे अवलंबून असते. ह्या स्निग्धांशालाच दूधवाले ‘फॅट’ म्हणतात. एके दिवशी संस्थेत गाईचे दूध ३०० किलोग्रॅम आले; त्याची फॅट ४ टक्के होती. म्हशीचे दूध १०० किलोग्रॅम आले; त्याची फॅट ७ टक्के होती. सारे दूध एकाच टँकरमध्ये ओतून डेअरीकडे पाठवावयाचे होते. टँकरमधील दुधाची फॅट किती भरेल?

संस्थेच्या सचिवांनी फॅटच्या स्तंभाखाली सरासरीचे सूत्र लिहिले. चार आणि सात मिळून अकरा. अकराचे निम्मे साडेपाच. संगणकाने ५.५ हे उत्तर क्षणात दिले आणि सचिवांनी ते कागदावर लिहून पाठविले. डेअरीत मात्र फॅट भरली ४.७५ टक्के! झाले, गावात कुजबुज सुरू झाली. वाटेत कोणी दुधात पाणी घातले काय? टँकरच्या चालकाकडे लोक संशयाने पाहू लागले. दूध मोजून घेणाऱ्या मुलालाही चार शब्द ऐकावे लागले.

खरोखर कोणी लबाडी केली होती काय? आपणच हिशेब करून पाहू. गाईच्या ३०० किलोग्रॅम दुधात ४ टक्के म्हणजे १२ किलोग्रॅम स्निग्धांश. म्हशीच्या १०० किलोग्रॅम दुधात ७ टक्के म्हणजे ७ किलोग्रॅम. एकूण स्निग्धांश १९ किलोग्रॅम आणि एकूण दूध ४०० किलोग्रॅम. १९ ला ४०० ने भागून १०० ने गुणले, की उत्तर येते ४.७५. डेअरीचे उत्तर अगदी बरोबर होते. दुधात कोणी पाणी घातले नव्हते. चूक झाली होती ती सूत्रात.

सचिवांच्या सूत्राने ३०० किलोग्रॅम दुधाला आणि १०० किलोग्रॅम दुधाला सारखाच मान दिला. संगणकाने बेरीज चुकविली नाही, भागाकारही चुकविला नाही. त्याला जे विचारले, त्याचे त्याने अचूक उत्तर दिले. पण जे विचारावयास हवे होते, ते त्याला कोणी विचारलेच नव्हते.

मग योग्य सूत्र कसे लिहावे? त्यासाठी दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी प्रत्येक ओळीत करावयाची. बी स्तंभात दुधाचे वजन आणि सी स्तंभात फॅटची टक्केवारी असेल, तर डी२ ह्या घरात ‘=बी२*सी२/१००’ असे लिहावे. येथे ताऱ्याचे चिन्ह गुणाकाराचे आणि तिरपी रेघ भागाकाराची आहे. ह्या सूत्राने त्या ओळीतील स्निग्धांश किलोग्रॅममध्ये मिळतो. हेच सूत्र खालच्या घरात उतरविले, की ते आपोआप तिसऱ्या ओळीचे होते. दुसरी पायरी सर्व ओळींची मिळून. डी स्तंभाची बेरीज करावी, बी स्तंभाची बेरीज करावी, आणि मगच पहिलीला दुसरीने भागून १०० ने गुणावे. वजनांची बेरीज करता येते. टक्क्यांची तशी करता येत नाही. म्हणून आधी बेरीज, मग भागाकार!

मोठ्या संस्थांना मात्र एका दिवसाचा हिशेब पुरत नाही. कधी आठवड्याची फॅट हवी असते, कधी केवळ गाईच्या दुधाची, तर कधी साऱ्या वर्षाची. प्रत्येक वेळी नवे सूत्र कोण लिहीत बसणार? ह्यासाठी ‘पॉवर बीआय’सारखी अहवाल तयार करण्याची साधने आहेत. त्यांत अशा सूत्राला नाव देऊन ठेवता येते. त्याला ‘मेजर’ म्हणतात. आपण त्याला ‘मापसूत्र’ म्हणू या. मापसूत्र ओळीओळीत आकडे साठवून ठेवीत नाही. ते केवळ नियम जपून ठेवते: एकूण स्निग्धांश भागिले एकूण दूध, गुणिले १००. आपण सोमवार निवडला, तर ते सोमवारच्या ओळी घेऊन बेरजा करते. महिना निवडला, तर महिन्याच्या ओळी घेऊन नव्याने बेरजा करते.

त्यामुळे एक गंमत होते. समजा, दुसऱ्या दिवशी गाईचे दूध १०० आणि म्हशीचेही १०० किलोग्रॅम आले. त्या दिवसाची फॅट ५.५ टक्के. पहिल्या दिवसाची होती ४.७५. अहवालाच्या तळाशी दोन्ही दिवसांची मिळून किती दिसेल? वरच्या दोन आकड्यांची सरासरी ५.१२५ येते, पण मापसूत्र दाखवील ५. कारण दोन दिवसांचा स्निग्धांश ३० किलोग्रॅम आणि दूध ६०० किलोग्रॅम आहे. तळचा आकडा वरच्यांशी जुळत नाही, असे पाहून पुष्कळ लोक संगणकाला दोष देतात. वस्तुतः तोच आकडा खरा असतो.

आणखी एक काळजी घ्यावयाची असते. पुरामुळे रस्ता बंद झाला आणि एखाद्या दिवशी दूधच आले नाही, तर एकूण दूध शून्य. शून्याने भागता येत नाही, हे तुम्ही गणितात शिकला आहातच. अशा वेळी उत्तराची जागा रिकामी राहावी, असे सूत्रातच सांगून ठेवावे. तेथे शून्य लिहू नये. शून्य लिहिले, तर दूध आले पण त्यात स्निग्धांश मुळीच नव्हता, असा अर्थ होईल, आणि पुन्हा एखाद्या निरपराध माणसावर संशय येईल.

आता तुम्हीच एक हिशेब करून पाहा. एका वर्गात १० मुले आहेत, त्यांपैकी ५ हजर आहेत. दुसऱ्या वर्गात ४० मुले आहेत, त्यांपैकी ३६ हजर आहेत. दोन्ही वर्गांची मिळून हजेरी किती टक्के? तुमचे उत्तर ७० आले, तर गावच्या सचिवांची चूक तुमच्याही हातून झाली, असे समजा. ८२ आले, तर संगणकाला काय विचारावे, हे तुम्हाला समजू लागले आहे.